डेगूने उडी मारणे सोडले तेव्हा

पाळीव प्राण्यांविषयीच्या या सदराकडे या वेळी डेगूविषयीची सहा पत्रे आली आणि ती सगळी, कमी-अधिक फरकाने, एकाच तक्रारीभोवती फिरणारी होती. म्हणून हा संपूर्ण भाग त्यांनाच दिला आहे. ज्यांनी हा प्राणी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर डेगू हा मूळचा मध्य चिलीतला कृंतक, म्हणजे उंदरासारखा कुरतडणारा, प्राणी, गिनीपिग आणि चिंचिला यांचा नातलग. प्रौढ डेगूचे वजन साधारणपणे १७० ते ३०० ग्रॅम असते, तो दिवसा जागा असतो, कळपाने राहतो, आणि चांगली निगा राखली तर ५ ते ८ वर्षे जगतो. उंदीर किंवा हॅमस्टर यांच्या मानाने हे आयुष्य बरेच मोठे असल्यामुळे म्हातारपणाची दुखणीही त्याच्या वाट्याला येतात, आणि त्यांत सांध्यांची झीज, म्हणजे संधिवात, सहज नजरेआड होणारी आहे.

प्रश्न : आमची डेगू मादी साडेसहा वर्षांची आहे. पूर्वी ती पिंजऱ्यातल्या सर्वांत वरच्या फळीवर झोपायची. गेला दीड महिना ती तळाशीच एका कोपऱ्यात झोपते. लंगडत नाही, कण्हत नाही, खाणेही बरे आहे. घरातली मंडळी म्हणतात की वय झाले, आता असेच चालायचे. मला मात्र राहवत नाही. हा संधिवात असू शकेल का?

उत्तर : असू शकेल, आणि आपल्याला राहवत नाही हे चांगलेच आहे. डेगू हा मूळ मुलखात शिकारी पक्षी आणि कोल्हे यांचे भक्ष्य असलेला प्राणी असल्यामुळे दुखणे लपवण्याची खोड त्याच्या अंगात मुरलेली असते. त्यामुळे तो लंगडू लागण्याची वाट पाहत बसल्यास फार उशीर होतो. संधिवात झालेला डेगू काय करतो यापेक्षा त्याने काय करणे सोडले आहे, हे पाहावे. वरची फळी सोडणे ही त्यातली पहिली आणि बोलकी खूण आहे.

आणखी काही गोष्टी आपण घरीच न्याहाळू शकता. निरोगी डेगू मागच्या पायांवर ताठ बसून पुढच्या दोन्ही पंजांत खाद्याची गोळी धरून खातो. कंबर किंवा गुडघे दुखत असतील तर तो भिंतीला टेकतो किंवा गोळी खालीच ठेवून तोंडाने कुरतडतो. वाळूत लोळताना तो एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झटक्यात वळतो. दुखऱ्या डेगूचे वळणे अर्धवट राहते आणि पाठीच्या खालच्या भागातली लव तेलकट, चिकटलेली दिसू लागते, कारण तिथवर तोंड किंवा पाय पोहोचत नाही. माझ्याकडे असलेल्या एका म्हाताऱ्या नराची एक गोष्ट अजून डोळ्यांसमोर आहे. जेमतेम वीतभर उंचीच्या फळीखाली येऊन तो मागचे पाय पोटाखाली ओढून घ्यायचा, मान वर करून फळीच्या कडेकडे पाहायचा, पाय पुन्हा मोकळे सोडायचा; असे दोनदा-तीनदा करून शेवटी, जणू आपल्याला वर जायचेच नव्हते अशा थाटात, गवताकडे वळायचा. ती न मारलेली उडी मी कितीतरी दिवस आळस समजून सोडून दिली होती.

तरीही घरच्या घरी निदान करून मोकळे होऊ नका, कारण उडी सोडण्याची इतरही कारणे आहेत. डेगूला मधुमेह लवकर जडतो आणि त्याच्या पाठोपाठ मोतीबिंदू येतो. ज्याला फळीची कड नीट दिसत नाही तो उडी मारणार नाही, मग सांधे कितीही ठणठणीत असोत. साधारण फरक असा की नजर अधू झालेला डेगू ओळखीच्या वाटेवर सराईतपणे पळतो आणि काही नवे समोर आले की अडखळतो, तर संधिवाताचा डेगू झोपेतून उठल्यावर आखडलेला असतो आणि थोडे चालल्यावर मोकळा होतो. डोळ्यांत पांढुरकेपणा, नेहमीपेक्षा जास्त पाणी पिणे, बिछाना वारंवार ओला होणे यांपैकी काही आढळले तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तळव्यांना पडलेले घट्टे आणि जखमा, वाढून वळलेली नखे, पडल्यामुळे झालेले बारीक अस्थिभंग हेही डेगूला जमिनीवर आणतात. दातांचे दुखणेही विसरू नये. डेगूचे सगळेच दात जन्मभर वाढत राहतात आणि दाढांना टोके आली की तो गप्प व मलूल होतो.

पक्के निदान क्ष-किरण चित्रावरून होते. त्यासाठी बहुधा वायूची हलकी भूल द्यावी लागते. भुलेआधी कुत्र्या-मांजरांप्रमाणे डेगूला उपाशी ठेवू नये. कृंतकांना उलटी होत नाही, उलट पोट रिकामे राहिले तर त्याच्या पचनाची घडी विस्कटते. दवाखान्यात सवयीने उपाशी ठेवण्यास सांगितले गेले तर शांतपणे पुन्हा विचारावे, आणि शक्यतो लहान व अपरिचित प्राण्यांचा अनुभव असलेले पशुवैद्यच गाठावेत. जाताना त्याची फळीवरची धडपड मोबाइलवर चित्रित करून न्यावी. तपासणीच्या टेबलावर भीतीमुळे तो असा काही तुरतुरतो की दुखणे खोटे वाटावे.

प्रश्न : डॉक्टरांनी दोन्ही मागच्या पायांच्या सांध्यांत झीज असल्याचे सांगितले. पिंजरा तीन मजली, तारेच्या जाळीचा आहे. तो बदलून एकमजली छोटा पिंजरा घ्यावा का? आणि चाक काढून टाकावे का?

उत्तर : पिंजरा छोटा करू नका. संधिवातात हालचाल बंद पडली की पायांचे स्नायू झिजतात, आणि मग सांध्यांवरचा भार आणखी वाढतो. पिंजरा तोच ठेवून त्यातली उंची पायऱ्यांमध्ये मोडावी, म्हणजे जिथे उडी मारावी लागत होती तिथे चालत जाता येईल. फळ्यांमधले अंतर इतके कमी करावे की एका फळीवर पुढचे पंजे ठेवून मागचे शरीर सहज वर ओढता येईल. जिथे ते शक्य नसेल तिथे रुंद लाकडी उतरण लावावी, तिचा चढ हलका ठेवावा आणि पाय घसरू नयेत म्हणून तिच्यावर आडव्या पातळ पट्ट्या ठोकाव्यात. चढण्याइतकेच उतरणेही दुखऱ्या डेगूला अवघड जाते, किंबहुना जास्तच, कारण उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर येतो आणि मागचे पाय आवरत नाहीत. म्हणून उतरणीच्या तळाशी गवताचा जाड थर असू द्यावा, आणि उंचावरून थेट तळापर्यंत पडण्याजोगी एकही जागा शिल्लक ठेवू नये.

जाळीच्या मजल्यांचे मात्र काही खरे नाही. तारेवर पाय ठेवून चालणे निरोगी डेगूच्याही तळव्यांना घातक असते. संधिवातात प्राणी एकाच जागी जास्त वेळ बसतो, त्याचा भार तळव्याच्या त्याच त्या भागावर पडतो, आणि तारेमुळे तिथे फोड व जखमा होतात. जाळीवर साध्या, रंग न दिलेल्या लाकडाच्या फळ्या बसवाव्यात आणि झोपण्याच्या जागी मऊ लोकरी कापड अंथरावे. डेगू कापड कुरतडतो. थोडेफार कुरतडणे चालेल, पण तुकडे गिळताना दिसला तर कापड काढून कागदाचा किंवा गवताचा जाड बिछाना करावा. दर आठवड्याला त्याचे चारही तळवे उलटून पाहावेत. गुलाबी कातडी लालसर व चकचकीत दिसू लागणे ही जखमेआधीची पायरी असते.

गवत, पाणी आणि निजण्याची जागा तिन्ही तळमजल्यावर असावीत, मग वर त्यांची दुसरी सोय असली तरी हरकत नाही. पाण्याची बाटली अशा उंचीवर टांगावी की मागच्या पायांवर उभे न राहता पिता येईल. वाळूच्या भांड्याची एक कड अगदी ठेंगणी असावी. ही बाब क्षुल्लक वाटते, पण डेगूला पाण्याने अंघोळ घालता येत नाही आणि लव स्वच्छ राहण्याचा त्याच्याकडे वाळू हा एकच मोठा आधार आहे. ज्याला भांड्यात शिरताच येत नाही त्याची लव आणि कातडी दोन्ही बिघडतात.

चाकाविषयी माझे मत असे की लहान चाक आजच काढावे आणि मोठ्या चाकाबाबत सबुरीने घ्यावे. चाकाचा व्यास ३० सेंटिमीटरच्या आसपास असावा, त्याचा पृष्ठभाग सलग असावा आणि आत आडव्या दांड्या नसाव्यात. त्याहून लहान चाकात पाठीचा कणा सतत उलटा वाकतो. योग्य मापाचे चाक असेल आणि डेगू स्वतःहून त्यात संथपणे चालत असेल, तर तो व्यायाम त्याच्या हिताचाच आहे. मात्र पळण्याच्या नादात काही डेगू दुखणे विसरतात आणि दुसऱ्या दिवशी जागचे हलत नाहीत. तसे झाल्यास चाक ठरावीक वेळापुरतेच द्यावे.

हे सारे बदल एका दिवसात करू नयेत. डेगू वासाच्या खुणांवर घर ओळखतो. एका वेळी एक फळी हलवावी आणि जुन्या बिछान्यातला मूठभर भाग नव्यात मिसळावा.

प्रश्न : थंडीत आमच्या डेगूचे आखडणे वाढते. शेकण्याची गादी पिंजऱ्यात ठेवली तर चालेल का?

उत्तर : पिंजऱ्यात नको, पिंजऱ्याखाली, आणि तीही अर्ध्या भागाखाली ठेवावी. डेगूचे दात वायर काही क्षणांत सोलतात, तेव्हा वायर त्याच्या तोंडाच्या टप्प्यात येता कामा नये. गादीवर फरशीचा एखादा सपाट तुकडा ठेवला तर ऊब सारखी पसरते. अर्धा पिंजरा गार राहणे आवश्यक आहे, कारण डेगूला उष्मा सोसत नाही. ३० अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेले तर उष्माघाताचा धोका असतो, आणि ज्याला चटकन उठून दूर जाता येत नाही अशा म्हाताऱ्या प्राण्याच्या बाबतीत तो अधिकच. साधा उपाय म्हणजे निजण्याच्या पेटीत गवत दुप्पट भरणे आणि पिंजरा वाऱ्याच्या झोतापासून दूर हलवणे. बऱ्याचदा तेवढ्यावर भागते.

प्रश्न : डॉक्टरांनी मेलोक्सिकॅमचे पातळ औषध लिहून दिले आहे. ते जन्मभर द्यावे लागेल का? मूत्रपिंडांना अपाय होतो असे वाचले, म्हणून द्यायला मन धजत नाही. शिवाय तो तोंडच उघडत नाही.

उत्तर : मेलोक्सिकॅम हे सांध्यांची सूज व वेदना कमी करणारे, स्टेरॉइड नसलेले औषध आहे आणि लहान कृंतकांच्या संधिवातात पशुवैद्य ते सर्रास वापरतात. झीज भरून काढण्याची ताकद त्यात नाही, त्यामुळे ते बहुधा दीर्घकाळ चालू ठेवावे लागते. मूत्रपिंडे आणि पचनसंस्था यांच्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो ही आपली भीती निराधार नाही; पण त्यावरचा उपाय औषध टाळणे हा नसून प्राणी नीट पाणी पितो आहे ना याकडे लक्ष ठेवणे, ठरलेल्या काळाने तपासणी करून घेणे आणि परिणाम देणारी कमीत कमी मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घेणे हा आहे. सततच्या वेदनेचाही शरीरावर परिणाम होतोच. वेदनेने खाणे कमी झाले की डेगूचे आतडे मंदावते, आणि ती स्थिती एका दिवसात गंभीर होऊ शकते. स्टेरॉइड किंवा दुसरे वेदनाशामक चालू असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण ही औषधे एकत्र देणे धोक्याचे असते. आणि आपल्या औषधांच्या डब्यातली माणसांची वेदनाशामक गोळी, तिचा कण करूनसुद्धा, देऊ नये.

एका चुकीबद्दल विशेष सावध करतो. हे पातळ औषध एकाहून अधिक तीव्रतेत मिळते. मांजरांसाठीच्या बाटलीत बहुधा दर मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅम तर कुत्र्यांसाठीच्या बाटलीत १.५ मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे सिरिंजमध्ये तेच ०.२ मिलिलिटर घेतले तरी एका बाटलीतून ०.१ मिलिग्रॅम आणि दुसरीतून ०.३ मिलिग्रॅम औषध पोटात जाते. पाव किलोच्या आतल्या प्राण्यासाठी हा तिप्पट फरक लहान नाही. जुनी बाटली संपून नवी आणाल तेव्हा नाव जुळले म्हणून समाधान न मानता तीव्रतेचा आकडाही जुळवून पाहावा, आणि मात्रा चिठ्ठीवर मिलिग्रॅम व मिलिलिटर अशा दोन्ही मापांत लिहून घ्यावी. बाटली प्रत्येक वेळी हलवून घ्यावी हे सांगायला नको, पण विसरतात सगळेच.

देण्याच्या पद्धतीविषयी : एक मिलिलिटरची सिरिंज घ्यावी. डेगूला मऊ पंचात गुंडाळून मांडीवर बसवावे आणि दुसऱ्या हाताने छातीखालून आधार द्यावा. शेपटी कधीही धरू नये. तिची कातडी मोज्यासारखी निघून येते आणि ती पुन्हा वाढत नाही. पुढच्या नारिंगी दातांमागे, गालाच्या बाजूला, दाढांपूर्वी एक रिकामी जागा असते. सिरिंजचे टोक बाजूने तिथे सरकवले की तोंड उघडण्याची वाट पाहावी लागत नाही. औषध थेंबाथेंबाने सोडावे, एका दमात ढकलू नये, नाहीतर ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. औषधाचा कडवटपणा झाकण्यासाठी गोड सरबत किंवा फळाची फोड देण्याचा मोह होतो, तो टाळावा. मधुमेहाची प्रवृत्ती असलेल्या प्राण्याला रोज दोनदा साखर देणे म्हणजे एक दुखणे झाकून दुसरे बोलावणे. त्याच्या नेहमीच्या खाद्याची गोळी औषधाच्या थेंबात भिजवून दिली तर काही डेगू ती मुकाट्याने खातात. आधी तसे करून पाहावे.

प्रश्न : सांध्यांसाठी पूरक म्हणून दिल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनचा उपयोग होतो का? आणि सांध्यांना बाहेरून मलम चोळले तर?

उत्तर : ग्लुकोसामाइनने डेगूचा संधिवात कमी होतो असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. द्यायचेच असेल तर डॉक्टरांना विचारून, चव आणण्यासाठी साखर किंवा मध न घातलेले द्यावे, आणि त्याच्या भरवशावर वेदनाशामक बंद करू नये. मलम अजिबात नको. जे अंगाला लावाल ते डेगू पाच मिनिटांत चाटून साफ करतो, म्हणजे ते पोटातच जाते.

त्यापेक्षा वजनाकडे लक्ष द्यावे. जास्तीचे वीस-तीस ग्रॅम आपल्या हिशेबी काहीच नसतात, पण दोनशे ग्रॅमच्या प्राण्याच्या गुडघ्यांना ते दहा-पंधरा टक्के जादा ओझे आहे. स्वयंपाकघरातल्या ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी, वाडग्यात बसवून वजन करावे आणि वहीत मांडावे. आहार म्हणजे मुख्यतः सुके गवत, तेही अखंड उपलब्ध, आणि त्याच्या जोडीला गोड पदार्थ न घातलेल्या खाद्यगोळ्या मोजून. बिया आणि सुकामेवा हा लाडाचा भाग आहे, तो लठ्ठ डेगूला बंद करावा. उलट, वजन आपोआप घटू लागले तर आनंद मानू नये. पायांचे स्नायू झिजणे, दातांचे दुखणे किंवा मधुमेह यांपैकी काहीतरी मागे असते.

प्रश्न : आमच्याकडे दोन भाऊ एकत्र वाढले. एकाला संधिवात झाल्यापासून दुसरा त्याला ढकलतो, आणि हा दात वाजवून त्याच्यावर चवताळतो. दोघांना वेगळे करावे का?

उत्तर : रक्त निघाल्याशिवाय करू नये. दुखणारा प्राणी चिडका होतो. आधी त्याच्या वेदनेचा बंदोबस्त नीट झाला आहे का हे डॉक्टरांना विचारावे, कारण मात्रा अपुरी असल्याची ही खूण असू शकते. काही दिवसांच्या विरहानंतर डेगू एकमेकांना परके मानून जीवघेणी मारामारी करू शकतात, त्यामुळे वेगळे करणे सोपे आणि पुन्हा एकत्र आणणे महाकठीण. त्याऐवजी गवताच्या, पाण्याच्या आणि निजण्याच्या जागा दोन-दोन कराव्यात आणि प्रत्येक निवाऱ्याला दोन दारे ठेवावीत, म्हणजे म्हाताऱ्याची कोंडी होणार नाही. भाऊ त्याची पाठ चाटून साफ करत असेल तर ती सेवा मोलाची आहे. जिथे त्याचे स्वतःचे तोंड पोहोचत नाही नेमकी तीच जागा भाऊ राखतो. दवाखान्यात नेतानाही दोघांना एकाच पेटीतून न्यावे.

प्रश्न : औषध, उतरणी, बिछाना सगळे करून झाले. आता तो दिवसभर निजलेला असतो. निरोप देण्याची वेळ आली हे कसे ओळखावे?

उत्तर : आपल्या पत्रावरून हे ठरवता येणार नाही, पण ठरवण्याची रीत सांगता येईल. त्याच्या स्वभावाला धरून चार-पाच गोष्टी निवडाव्यात : गवत स्वतःहून खाणे, वाळूत लोळणे, सोबत्याशेजारी जाऊन बसणे, आपला आवाज ऐकून डोके वर काढणे, लघवीने न भिजता कोरडे राहणे. रोज संध्याकाळी वहीत यांपैकी काय झाले आणि काय झाले नाही तेवढेच लिहावे, त्याखाली वजन. आठवणीवर विसंबले तर आजचा दिवस नेहमी कालच्यासारखाच वाटतो. वही तसे वाटू देत नाही. न झालेल्या गोष्टींचे दिवस सलग येऊ लागले, औषधाची मात्रा डॉक्टरांनी वाढवूनही फरक पडला नाही, किंवा त्याने गवत खाणे थांबवले, तर दयामरणाविषयी मोकळेपणाने विचारावे. गवत थांबले असेल तर त्याच दिवशी विचारावे.

इंजेक्शनआधी वायूने पूर्ण भूल देण्यास सांगावे. इतक्या छोट्या प्राण्याची शीर जागेपणी शोधणे त्याला त्रासाचे होते. सोबती असेल तर त्याला मृत डेगूजवळ थोडा वेळ जाऊ द्यावे, असे मी माझ्या घरी करत आलो आहे. वास घेऊन तो बाजूला होतो आणि पिंजऱ्यात त्याला शोधत फिरणे, माझ्या अनुभवात, कमी होते. नंतरचे काही दिवस त्या उरलेल्याचेही वजन रोज करावे, आणि उतरणी लगेच काढू नयेत. दोघे एकाच वयाचे असतील तर त्या लवकरच पुन्हा लागतात.